सैल सील

एकवीस वर्षं मी जबाब लिहून घेते. तपास करणारे साहेब विचारतात, समोरचा माणूस बोलतो, आणि मी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून दोघांचं बोलणं लघुलिपीच्या वहीत उतरवते. मग साहेब माझ्याकडे वळतात, त्या उत्तराची सरकारी भाषा करून सांगतात, आणि मी ती टाइप करते. माणूस म्हणतो, "मला काय ठाऊक बुवा!" साहेब म्हणतात, "लिहा बाई, सदर बाबीची मला कल्पना नाही." यात मला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. वही कुणी वाचत नाही, टाइप केलेलंच सगळे वाचतात, हे मला माहीत होतं. त्याचा अर्थ काय होतो, ते मात्र मामांच्या वेळी कळलं.

आमच्या खात्यातून एक यादी फुटली होती. सरहद्दीपलीकडे राहून आपल्याला बातम्या पुरवणाऱ्या नऊ माणसांची खरी नावं एका पानावर होती. त्या पानाची एकच प्रत निघाली होती, दोघातिघांनी वाचून ती नष्ट करायची होती, आणि नष्ट झाल्याची नोंदही होती. तरी त्या पानाचा फोटो परदेशातल्या कुठल्याशा संकेतस्थळावर झळकला. आठवड्याभरात नऊ जणांपैकी चौघांना तिकडच्यांनी उचललं. त्यात एक कपडे शिवणारी बाई होती. ती कोठडीत मेल्याची बातमी मंगळवारी सकाळी आली.

तपास ज्यांच्याकडे आला त्यांना सगळे पाठीमागे 'करवत' म्हणायचे. एकदा लावली की पलीकडे निघेपर्यंत थांबायची नाही, म्हणून. उमेदीची वर्षं त्यांनी सरहद्दीवर काढली होती आणि त्या शिवणाऱ्या बाईला या कामात त्यांनीच आणलं होतं. बातमी आली तेव्हा ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, "तिच्या पोरीला मी खांद्यावर घेऊन फिरवलंय, बाई. ज्यानं हे केलं त्याला मी जमिनीत गाडीन."

मीही मनात तेच म्हटलं. हे मुद्दाम सांगते आहे. पुढं जे झालं ते कुणा दुष्ट माणसानं केलेलं नाही. संतापलेल्या माणसानं केलं, आणि त्याच्या शेजारी बसलेली मीही तेवढीच संतापलेली होते.

संशय मामांवर गेला.

मामा म्हणजे तळघरात कागद कापायच्या यंत्रावर बसणारा माणूस. वय अठ्ठावन्न. साऱ्या खात्याचे मामा, अगदी त्यांच्याहून वयानं मोठ्या असणाऱ्यांचेसुद्धा. आमच्याकडे नियम असा की बाद झालेल्या गुप्त कागदाच्या कोपऱ्याला वरच्या मजल्यावरच भोक पाडायचं, मग तो लाल पिशवीत घालायचा, पिशवीला सील लावायचं, आणि ती तळघरात पाठवायची. मामा आधी पिशवी सीलबंद आल्याची वहीत नोंद करणार, मगच ती फोडणार आणि कागद यंत्राला देणार. "सगळ्या खात्याचं पाप माझ्या यंत्राच्या पोटात जातं," ते म्हणायचे, "पण बिचाऱ्याला अजून अपचन नाही."

म्हणजे यादीला शेवटचा हात लागला तो मामांचा. त्यातून त्यांचा जावई मालवाहू जहाजावर खलाशी, आणि ते जहाज वर्षातून दोनदा त्या शेजारच्या देशाच्या बंदरात लागायचं. एवढं पुरलं. भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांच्या देखत मामांना जिन्यावरून बेड्या घालून वर आणलं. ज्यांनी वीस वर्षं त्यांच्याकडून चुना-तंबाखू मागून खाल्ली होती, ते सगळे एकाएकी भिंतीवरच्या सूचना वाचायला लागले.

सहा दिवस जबाब चालला. पहिल्याच दिवशी त्यांचा चष्मा काढून घेतला. कोठडीत काच नेता येत नाही, असा नियम. मामा डोळे बारीक करून आवाजाच्या दिशेनं बघत बोलायचे.

"जावयाला काय काय सांगता?"

"साहेब, जावयाला काय सांगणार? तो घरी येतो तेव्हा झोपतो. उठला की जेवतो. जेवला की परत जातो."

"जहाज कुठं कुठं जातं ते माहीत आहे ना?"

"पोरगी सांगते. माझ्या डोक्यात नाही राहत."

करवत माझ्याकडे वळले. "लिहा. जावई कोणकोणत्या बंदरांत जातो याची मला मुलीकडून वेळोवेळी माहिती मिळत असे."

मी लिहिलं. खोटं होतं का? नव्हतं. खरं होतं का? आता विचाराल तर नाही म्हणेन. त्या वेळी बोटं आपोआप चालली.

चौथ्या दिवशी संचालक येऊन गेले. खात्याचे सर्वांत वरचे साहेब. दारातूनच डोकावले, अंगाला उंची साबणाचा वास. मामांकडे पाहिलंही नाही. "कुठवर आलं? वरून सारखे फोन येताहेत."

"होत आलंय सर," करवत म्हणाले.

"लवकर उरका. खात्याची अब्रू जाते आहे." आणि मला म्हणाले, "बाई, तुम्ही खूप दमलेल्या दिसता. चहा घेत जा." किती चांगला माणूस, असं मला वाटलं. तेही सांगून टाकते.

सहाव्या दिवशी करवतांनी सीलाचं विचारलं. मामा म्हणाले, "कधीकधी सील सैल लागलेलं असतं साहेब. वरची पोरं घाईत असतात. मग मी अंगठ्यानं दाबून घट्ट करून घेतो, आणि मगच नोंद करतो."

करवत माझ्याकडे वळले. मग सावकाश म्हणाले, "लिहा बाई. पिशवीचे सील मी कधीकधी नोंद करण्यापूर्वी हाताळत असे." थांबले. "'हाताळत' नको. 'उघडत' लिहा."

माझी बोटं थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी 'उघडत' टाइप केलं.

संध्याकाळी घरी गेले. सासूबाईंनी ताट वाढलं, मी घास नुसता चिवडत बसले. त्या म्हणाल्या, "कुणाशी भांडून आलीस का?"

"नाही."

"मग भांडायचं राहून गेलंय. तोंडावर दिसतंय."

आमचे हे हसले. मला हसू आलं नाही. मनात तो एकच शब्द कुसळासारखा टोचत होता. माणूस म्हणाला घट्ट करतो, आणि मी लिहिलं उघडतो. भाषा शुद्ध करणं वेगळं, आणि हे वेगळं.

सातव्या दिवशी अकरा पानांचा जबाब छापून तयार झाला. प्रत्येक पानावर मामांची सही हवी होती. करवतांनी पेन पुढं केलं. मामांनी कागद नाकाशी धरला, लांब धरला, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, मला दिसत नाही. पण तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार. कुठं करू सही?"

तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार! कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

मी उठले, कागद त्यांच्या हातातून घेतला आणि म्हणाले, "मी वाचून दाखवते."

"बाई, गरज नाही त्याची," करवत म्हणाले.

"नियम आहे साहेब. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवायचं."

पहिल्या पानापासून सुरुवात केली. मामा मान डोलवत होते. बंदरांच्या वाक्याशी त्यांनी कपाळाला आठी घातली, पण पुढं ऐकत राहिले. नवव्या पानावर सील आलं. मी ते वाक्य अगदी सावकाश वाचलं.

"हे मी नाही बोललो," मामा म्हणाले.

"सही कर," करवत म्हणाले.

"साहेब, उघडतो असं मी कसं म्हणेन? सैल असलं तर घट्ट करतो म्हणालो मी."

"मामा, सही कर! तिकडे माणसं मरताहेत!"

"मरताहेत म्हणून मी उघडलं असं होतं का, साहेब?"

करवतांनी टेबलावर हात आपटला. चहाचा कप खाली पडून फुटला. मी म्हणाले, "ते 'घट्ट करून घेतो' म्हणाले होते. माझ्या वहीत आहे."

"वही द्या इकडे."

"वहीला पानांचे नंबर आहेत. ती दप्तरात जमा करायची असते, साहेब. तुमच्या हातात नाही देता येणार."

आवाज चढला होता माझा. भीतीनं थोडा, पण जास्त रागानं. सहा दिवसांचा राग, आणि त्यातला अर्धाअधिक माझा माझ्यावरच. करवत उठून इतके जवळ आले की त्यांच्या डोळ्यांतल्या लाल शिरा मला दिसल्या. "तुम्हाला कळतंय का काय करताय? त्या बाईच्या पोरीला उद्या कोण सांभाळणार आहे? तुम्ही?"

"चोर सोडून संन्याशाला सुळी दिली, तर तिची आई परत येणार आहे का?"

दहा मिनिटांत मला त्या खोलीतून बाहेर काढलं. तासाभरात तपासातून काढल्याचं पत्र आलं. पण त्याच्या आधीच मी वही दप्तरात जमा करून पोचपावती पदरात पाडून घेतली होती, आणि पावतीची प्रत चौकशी समितीला टाकली होती. समिती म्हणजे आमच्या खात्याबाहेरची तीन माणसं. तपासावर नजर ठेवायला वरून नेमलेली.

मामांनी सही केली नाही. कोठडीत मात्र परत गेले.

फुटलेला फोटो तपासायचं काम पलीकडच्या खोलीत एक तरुण अधिकारी करत होता. सतत डोळ्याला भिंग लावून बसायचा, म्हणून त्याचं नाव भिंगवाला. संकेतस्थळावरचा फोटो कडा कापलेला होता; मूळ पूर्ण फोटो मिळवायला त्याला नऊ दिवस लागले. तो हातात आला त्या दिवशी तो कँटीनमध्ये माझ्या समोर येऊन बसला. करवतांकडे जायच्या आधी माझ्याकडे का, ते त्यानं सांगितलं नाही. बहुतेक माझी भानगड त्याच्या कानावर गेली असावी.

"बाई, बाद कागदाला भोक कुठं पाडतात?"

"उजव्या कोपऱ्यात, वर."

त्यानं फोटो माझ्यासमोर ठेवला. यादीचा कागद काचेच्या टेबलावर पडलेला. उजवा कोपरा शाबूत, भोक नाही. म्हणजे फोटो काढला तेव्हा कागद लाल पिशवीत गेलेलाच नव्हता. मामांचा त्याच्याशी संबंध यायच्या आधीची गोष्ट. कागदाच्या अर्ध्या भागावर फुलांचा गुच्छ होता, आणि टेबलाच्या काचेत भिंतीवरच्या पदकांची चौकट उलटी दिसत होती.

पदकांची तशी चौकट आमच्या इमारतीत एकाच खोलीत आहे.

"आता हे करवतांना कोण सांगणार?" भिंगवाला म्हणाला.

"तू सांग. मी दाराबाहेर उभी राहते."

तो आत गेला. मला वाटलं आता आरडाओरडा होईल. पंधरा मिनिटं आतून काही आवाजच आला नाही. मग करवत बाहेर आले, माझ्याकडे न बघता जिना चढून वर गेले. त्यांच्या हातात तो फोटो होता.

संचालकांचा जबाब घ्यायचं ठरलं तेव्हा समितीनं अट घातली की प्रत्येक शब्द बोलला तसाच लिहायचा. आणि लिहायला मला बोलावलं.

संचालक नेहमीसारखेच आले. तोच साबणाचा वास. त्यांच्या नोकरीला तीस वर्षं झाली त्या दिवशी कर्मचाऱ्यांनी गुच्छ दिला होता. तो टेबलावर ठेवून त्यांनी फोटो काढला आणि नातेवाइकांच्या गटावर टाकला; आमच्या इमारतीत मोबाइल आत न्यायची मुभा फक्त त्यांनाच होती. पुतण्यानं 'आमच्या काकांचा अभिमान' असं लिहून तो साऱ्या जगाला दाखवला. गुच्छाखाली यादी होती. ज्यांना मोठं करून वाचायचं होतं त्यांनी ती मोठी करून वाचली.

"हा फोटो तुम्ही काढला?" करवतांनी विचारलं.

"अरे, हा होय? हा तर घरच्यांसाठी होता!" ते हसले. खरोखर हसले. "बाई, हे असं नका लिहू. लिहा की अनवधानाने—"

"मी तुम्ही बोललात ते लिहिते, सर," मी म्हणाले. "'अरे, हा होय' लिहून झालंय."

"माणूस आहे, होतं कधीकधी," ते समितीकडे वळले. "फुलांखाली काय आहे हे कोण बघत बसतं?"

करवत उभे राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना वरिष्ठांसमोर आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. "तुम्ही चौथ्या दिवशी दारात येऊन उभे राहिलात! आत एक म्हातारा चष्म्याशिवाय बसला होता. 'लवकर उरका' म्हणालात मला!"

"मला काय माहीत होतं? मला आठवतही नव्हतं."

"ती बाई मेली! आणि तुम्हाला आठवतही नव्हतं!"

समितीच्या अध्यक्षांनी करवतांना बाहेर जायला सांगितलं. ते गेले. मी तेही लिहिलं: किती वाजता गेले आणि काय बोलून गेले.

तुम्हाला वाटेल, आता न्याय झाला. झाला ना! संचालकांना लांबलचक रजेवर पाठवलं, आणि रजा संपल्यावर दुसऱ्या खात्यात सल्लागार नेमलं. खोली पूर्वीपेक्षा मोठी. करवतांनी समितीसमोर बेशिस्त वर्तन केलं म्हणून त्यांची एक बढती कायमची रोखली. आणि मामांना तेवीस दिवसांनी सोडलं. हातात पत्र दिलं: 'पुराव्याअभावी मुक्त'. म्हणजे केलं असेल, पण सापडलं नाही! तळपायाची आग मस्तकात गेली माझी. कोपऱ्याला भोक नाही हा पुरावा नव्हता? संचालक स्वतःच्या तोंडानं बोलले तो पुरावा नव्हता?

मी मामांच्या घरी गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. दार मामींनी उघडलं. मामा आतल्या खोलीत पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसले होते. चष्मा परत मिळाला होता, पण एक काडी तुटलेली, तिथं चिकटपट्टी लावलेली. मी हाक मारली तर त्यांनी मान वळवून हात जोडले आणि पुन्हा भिंतीकडे बघायला लागले. यंत्राला अपचन नाही म्हणणारा तो माणूस.

मामी बसा म्हणाल्या नाहीत. "तुम्हीच ना त्या लिहिणाऱ्या?"

"हो. मामांनी सांगितलं असेल, त्या दिवशी मी—"

"सांगितलं. सातव्या दिवशी तुम्ही वाचून दाखवलंत. उपकार झाले." त्यांचा आवाज अजिबात चढला नाही. "त्याच्या आधीचे सहा दिवस तुम्ही काय करत होतात?"

"टाइप करत होते," मी म्हणाले.

"जावयाची नोकरी गेली," त्या म्हणाल्या. "शेजारीण पाणी भरताना घागर बाजूला ओढून घेते. 'पुराव्याअभावी' म्हणजे काय हे तिला बरोबर कळतं. तुमच्या साहेबांना कळत नाही?"

"ते पत्र मी बदलून आणीन, मामी."

"आणा," त्या म्हणाल्या. "आणलंत की मग बसा म्हणेन."

आणि दार लावून घेतलं.

तेव्हापासून मी अर्ज करते आहे. मामांना 'निर्दोष' असं लेखी द्या, एवढंच मागणं. पहिला अर्ज परत आला, योग्य नमुन्यात नाही म्हणून. दुसरा परत आला, अर्जदाराचा प्रकरणाशी संबंध नाही म्हणून. संबंध नाही! अकरा पानं माझ्या बोटांनी टाइप झाली आहेत. मग मी करवतांकडे गेले. आता त्यांना वाहनांचे परवाने बघायला बसवलंय. त्यांनी अर्ज वाचला, खिशातून पेन काढलं आणि माझ्या नावाखाली स्वतःचं नाव लिहिलं: तपास अधिकारी म्हणून, 'उघडत' हा शब्द मी घालायला लावला, अशा स्पष्ट वाक्यासह.

"साहेब, यानं तुमची पेन्शन धोक्यात येईल."

"येऊ दे. बाई, तुम्ही त्या दिवशी थांबलात. मी थांबलो नसतो."

"सहा दिवस मीही नव्हते थांबले."

त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि अर्ज माझ्या हातात दिला.

आज तिसरा अर्ज घेऊन मी आवक खिडकीशी गेले. शेजारच्या फलकावर नव्या सल्लागारांच्या, म्हणजे आमच्या जुन्या संचालकांच्या, सत्काराची सूचना लावलेली होती. खिडकीतला कारकून मला ओळखायला लागलाय. त्यानं अर्ज उलटापालटा केला, खाली दोन सह्या बघितल्या आणि जांभई दिली.

"बाई, पुन्हा तेच? कशाला डोकं आपटता? उद्या या, साहेब जागेवर नाहीत."

"शिक्का साहेबांकडे नसतो, तुझ्याकडे असतो."

"माझी जेवणाची वेळ झाली."

"जेव. मी इथंच उभी आहे."

मागच्या माणसांनी कुरकुर सुरू केली. मी खिडकीच्या कठड्यावर दोन्ही हात टेकले आणि मागं वळून त्यांना सांगितलं, की यंत्रावरच्या मामांना कुणी ओळखत असेल तर त्यानं गप्प उभं राहावं, आणि ओळखत नसेल त्यानं मला विचारावं, मी पहिल्यापासून सांगते. एक जण म्हणाला, "ते कागद कापणारे मामा? त्यांचं काय झालं?"

मी सांगायला सुरुवात केली. मोठ्यानं, नावानिशी, हुद्द्यानिशी. कारकुनानं घाईघाईनं शिक्का उचलला.

"आधी शिक्क्यावरची तारीख नीट बसव," मी त्याला म्हणाले, आणि पुढं सांगत राहिले.